शिवलेली बरणी

"तू नको. मागं हो."

विज्ञानाचे गुरुजी माझ्याकडे न बघताच बोलले. माझं बोट वरच राहिलं. नववीचा मराठी वर्ग, आदिलाबाद. वर्गात महाराची मी एकटीच.

टेबलावर काचेची बरणी होती. झाकणातून पितळेची दांडी आत गेलेली, तिच्या खालच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन पानं. एबोनाइटची, म्हणजे कडक काळ्या रबराची, कांडी लोकरीवर घासून दांडीला टेकवली की पानं फाकायची. मग एकेकानं दांडीला बोट लावायचं. पानं मिटायची.

"कांडीवरचे जास्तीचे इलेक्ट्रॉन तुमच्या अंगातून जमिनीत गेले," गुरुजी सांगत होते. "राजाच्या अंगातला इलेक्ट्रॉन भिकाऱ्याच्या अंगातल्यापासून वेगळा ओळखता येत नाही. त्याच्याभोवती विजेचं क्षेत्र असतं, ते दुरूनच ढकलतं. खरं पाहिलं तर दोन वस्तू एकमेकींना कधी शिवतच नाहीत."

गुरुजी छान शिकवायचे. मी ते खरं मानलं. एवढी मूर्ख वर्गात मीच होते.

मी पुढं झाले आणि बोट लावलं. पानं मिटली. पाटलाच्या पोरानं बोट लावल्यावर मिटली होती तशीच.

गुरुजींनी थोबाडीत मारली. मग घरून गोमूत्र आणवलं, झाकण काढलं आणि बरणीवर आतून-बाहेरून शिंपडलं. मी दारात उभी राहून बघत होते. दोन इलेक्ट्रॉनमध्ये फरक नसतो म्हणणारा माणूस बरणी शुद्ध करत होता.

जिल्हा नुकताच आंध्रात गेला होता. मराठी वर्ग ठेवायचा की मोडायचा, हे तपासणीवर ठरणार होतं. दुसऱ्याच दिवशी साहेब आले. गुरुजींनी कांडी घासून घासून घाम गाळला. पानं हलली नाहीत.

गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. "इस लड़की ने छू लिया, साहब."

साहेबांनी बरणी उचलून पाहिली. आतले थेंब त्यांना दिसले. काय झालं ते त्यांना कळलं, हे मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. त्यांनी रुमालानं हात पुसले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

हेडमास्तरांनी माझ्या बाला बोलावलं. बा कापसाच्या बाजारात हमाल. तो पायऱ्यांखाली हात जोडून उभा राहिला. हेडमास्तरांनी माझ्यापुढं कागद टाकला. "माफीनामा लिही. माझ्या शिवण्यानं बरणी बिघडली, असं. नाहीतर नाव खारीज."

"लिही ना माय," बा खालून म्हणाला. "काऊन अडून राह्यली? दोन ओळीनं काय होते?"

"बा, ते खोटं हाय."

हेडमास्तरांनी छडी घेतली. उजव्या हातावर. बासमोर. बानं मान खाली घातली. त्या वेळी मला छडीपेक्षा त्याचाच जास्त राग आला होता. आजही येतो.

सुजलेल्या हातानं मी लिहिलं: बरणी ओली आहे. ओल्या काचेवरून वीज निघून जाते. गोमूत्र गुरुजींनी शिंपडलं. उन्हात वाळवा, चालेल.

खाली सही केली. हेडमास्तरांनी कागद फाडला. नाव खारीज.

पुढं मराठी वर्ग मोडला. वर्ग मोडायचा हे वर आधीच ठरलेलं असेल. पण गावातल्या मराठी घरांनी ठरवलं, महाराच्या पोरीनं वर्ग बुडवला. बाजारात बाच्या पाठीवर कुणी गठ्ठा देईना. आई मला रोज शिव्या द्यायची, जेवताना तर हमखास. गुरुजींना कुणी काही बोललं नाही.

मला सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच, की गुरुजी अडाणी नव्हते. पाण्यानं वीज पळते, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

शेजारच्या तेलुगू वर्गात तीच बरणी गेली. कुणीतरी वाळवली असणार, पानं पुन्हा फाकू लागली होती. मला तेलुगू धड येत नव्हतं. तरी मी त्या वर्गाच्या दारात जाऊन बसले. चपराशानं दंडाला धरून ओढत फाटकाबाहेर टाकलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा निघाले.

बा आडवा आला. "पुन्हा बरणीले हात लावशीन तं लोकं हात तोडतीन तुहा."

"तोडू दे," मी म्हटलं. "दुसऱ्यानं लावीन."