डोक्याकडून पाहिलेली फिल्म

१२ फेब्रुवारी १९८६, बुधवार. सकाळी साडेसातला ह्यांना घेऊन इस्पितळात. उपाशीपोटी बोलावले होते. थंडी बरीच. हे मफलर घरी विसरले, माझी शाल पांघरली. यंत्राच्या खोलीबाहेर बाकावर बसले, दार अर्धे उघडे. डॉक्टर सोनकुसरे आतल्या माणसाला म्हणाले, "गजभिये, आजपासून मला डोक्याकडून पाहिलेलं चित्र पाहिजे, पायाकडून नको. सगळीकडे आता तसंच करतात." तो म्हणाला, "लिहून द्या ना साहेब." डॉक्टर हसले. "तू आता मला लिहायला लावणार?" दहाला मोकळे झालो. डॉक्टर उद्या परिषदेला जाणार, मंगळवारी परत. घरी येऊन वरण-भात. दुपारी ह्यांचे डोके पुन्हा दुखले.

हे बोलणे मला त्या दिवशी समजले नव्हते. तरी लिहिले, कारण कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी तशी सवय लावली होती. जे समजले ते लक्षात राहते, जे समजले नाही ते वहीत ठेवा, असे त्या सांगत. अडतीस वह्या भरल्या आहेत. त्यांतली एवढी एक नोंद देवाजी गजभिये यांच्या कामी आली, आणि ती कामी यायला एक वर्ष उशीर झाला. तो उशीर माझा.

गजभिये मौद्याजवळच्या खेड्यातले. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबत. छप्पन साली आईवडिलांबरोबर नागपूरला येऊन त्यांनी दीक्षा घेतली, तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि परत गावी गेले नाहीत. दोन वर्षांनी सदरमधल्या एका एक्स-रे दवाखान्यात फरशी पुसायला लागले. तिथल्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणारा माणूस आजारी पडला तेव्हा यांनी आठवडाभर काम सांभाळले, आणि मग पंचवीस वर्षे तेच केले. बोटांची नखे औषधाने कायमची पिवळी पडली होती. अंधारात घड्याळ दिसत नसे, म्हणून ते मनात आकडे मोजत, आणि त्यांची तीन मिनिटे कधी चुकत नसत. डाव्या-उजव्याची शिशाची अक्षरे ते शर्टाच्या वरच्या खिशात, विड्यांच्या जुन्या डबीत ठेवत. प्रत्येक फिल्मवर अक्षर आलेच पाहिजे. एकदा त्यांनी अक्षर नसलेली फिल्म डॉक्टरांच्या टेबलावरून उचलून नेली होती, रोग्याला पुन्हा झोपवण्यासाठी.

नवीन इस्पितळात डोक्याचे काप दाखवणारे कॉम्प्युटरचे यंत्र आले, तेव्हा डॉ. रविंद्र सोनकुसरे यांनी त्यांना मागून घेतले. त्यांच्याइतका काटेकोर माणूस शहरात नाही, असे ते तेव्हा सांगत असत.

माझे यजमान गोपाळराव यांना दोनदा फिट आली होती. फिल्ममध्ये मेंदूत पुढच्या बाजूला गाठ दिसली. डॉक्टर मंगळवारी परत आले, रात्रीच त्यांनी फिल्म पाहिली आणि बुधवारी सकाळी ह्यांच्या केस काढलेल्या डोक्यावर जांभळ्या औषधाने चौकोन काढून दिला. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेरगावाहून येत. त्यांनी त्या चौकोनात कवटी उघडली. आत गाठ नव्हती. निरोगी मेंदूत सुई फिरली आणि रक्तस्राव झाला. गाठ डावीकडे होती, उघडले उजवीकडे. नऊ दिवसांनी डावी बाजू उघडली, पण तोवर, मेंदूची उजवी बाजू चालवते तो, ह्यांचा डावा हात गेला होता. त्यानंतर हे सात महिने जगले. भाकरीचा तुकडा मोडायला दुसरा हात लागतो, हे मला तेव्हा कळले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर सोनकुसरे ह्यांच्या खाटेशी येऊन बसले. डोळ्यांत पाणी होते. "वहिनी, टेक्निशियनने अक्षरं उलटी टाकली," ते म्हणाले. "अशा माणसाला मी ठेवणार नाही, पण तुमची लेखी तक्रार लागेल." त्यांनी मजकूर सांगितला आणि मी इस्पितळाच्याच कागदावर इंग्रजीत लिहून दिला. निष्काळजी, हेकेखोर, अपुऱ्या शिक्षणाचा. हे तीन शब्द मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले, गजभिये यांना एकही प्रश्न न विचारता. दुसऱ्या दिवशी त्या कागदाची प्रत हातात देऊन त्यांना काढले.

रोज संध्याकाळी नवी नोंद करण्याआधी मी गेल्या वर्षीची त्याच तारखेची नोंद वाचते. १२ फेब्रुवारी १९८७ ला वर दिलेली नोंद वाचली आणि पेन खाली ठेवला. "लिहून द्या ना साहेब" असे म्हणणारा माणूस निष्काळजी कसा?

त्यांचे घर शोधायला चार दिवस लागले. ते इंदोऱ्यात राहत. आता सदरमध्ये एका फोटो स्टुडिओत लग्नाचे फोटो धुऊन देत होते. दार त्यांच्या पत्नीने, बायजाबाईंनी उघडले. मी नाव सांगितले.

"अजी, ऐकता का," त्या आत वळून म्हणाल्या, "त्या आल्या. लय सुंदर अक्षराच्या." मग माझ्याकडे पाहिले. "बसा बाई. तुमची चिठ्ठी फ्रेम करून लावणार होतो आम्ही. काच नाही भेटली."

"बायजा, चहा ठेव," आतून आवाज आला.

"ठेवते. साखर टाकू का मीठ, ते बी सांगा."

गजभिये बाहेर आले. मी वही उघडून नोंद वाचून दाखवली. ते उभ्यानेच ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचली. बायजाबाई चहा ठेवायचे विसरून दारात उभ्या होत्या.

"बाजू म्हणजे काय, मला समजावून सांगा," मी म्हटले.

त्यांनी फडताळातून ब्रेड काढला. एका कापात, कडेजवळ, बोटाने भोक पाडले आणि तो माझ्यासमोर धरला. "भोक कोणत्या हाताले?"

"माझ्या डाव्या."

त्यांनी काप पलटवला. "आता?"

"उजव्या."

"ब्रेड तोच आहे. यंत्र डोक्याचे असेच काप पाडते. पायाकडून पाहिलं तं एक बाजू, डोक्याकडून पाहिलं तं दुसरी. आम्ही आधी पायाकडून देत होतो. त्या दिवशी साहेबांनं बदलवायले लावलं, मी बदलवलं, आणि साहेब गेले परिषदेले. वापस आले तेव्हा डोळे जुन्याच सवयीचे."

"पण अक्षर छापलेलं असतं ना?"

"असते ना. आता गंमत ऐका. साध्या एक्स-रेत शिशाचं अक्षर. फिल्म उलटी धरली का अक्षर बी उलटं दिसते. म्हणून हे जुने डॉक्टर लोक अक्षर सरळ आहे का, एवढंच पाहतात. कोणतं अक्षर आहे, ते वाचत नाही. कॉम्प्युटर तं चित्र कसं बी फिरवा, अक्षर सरळच छापते. साहेबांनं पाहिलं असंन, सरळ आहे. झालं."

"तुम्ही हे कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं. फिल्म दाखवा म्हटलं. तं म्हणे फिल्म रोग्याच्या घरी आहे."

फिल्म माझ्या कपाटावर पिवळ्या लिफाफ्यात पडून होती. तो लिफाफा मी वर्षभर उघडला नव्हता, कारण त्यात ह्यांचे डोके होते. घरी येऊन फिल्म बाहेर काढली आणि खिडकीशी धरली. चित्राच्या डाव्या कडेला 'एल' असे स्वच्छ छापलेले होते, आणि पांढरी गाठ त्याच बाजूला.

मी इस्पितळाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. दुसरे लिहिले. प्रकरण बंद झाले आहे, अशी दोन ओळींची पोच आली. वकिलाकडे जाऊ म्हटले, तर गजभिये नको म्हणाले.

"मले नोकरी नाही पाहिजे, पैसे बी नाही. पन्नाशी उलटून गेली. पण त्या माणसानं शहरातल्या साऱ्या डॉक्टरांले सांगून ठेवलं, का याले डावं-उजवं समजत नाही. आता कोणी मले एक्स-रेच्या खोलीत उभं करत नाही. त्यानं चारचौघांत तीच फिल्म वाचावी. बस."

"आणि बरोबर वाचली तर?"

"नाही वाचणार," ते म्हणाले. त्यांच्या जागी आलेला टेक्निशियन त्यांच्याच हाताखाली शिकलेला होता. त्याने सांगितले होते की ह्यांच्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याच्या आत डॉक्टरांनी गुपचूप यंत्र पुन्हा पायाकडच्या चित्रावर लावून घेतले. डोक्याकडच्या फिल्मा शहरात जेमतेम दोन आठवड्यांच्या होत्या. "साहेबांले आता आठवत बी नसंन का अशी फिल्म निघाली होती."

मला तेव्हा फार बरे वाटले, हे लिहून ठेवते. क्षमा करावी असे सिस्टर शिकवत. मी ते पाठही केले होते. परंतु ह्यांना एका हाताने सदऱ्याची बटणे लावताना मी सात महिने पाहिले होते.

आम्ही अकरा महिने वाट पाहिली. १७ जानेवारी १९८८, रविवार. धरमपेठेतल्या एका सभागृहात डॉ. सोनकुसरे यांचे डोक्याच्या फिल्मांवर व्याख्यान होते, सर्वांसाठी खुले. पत्रकावर लिहिले होते की घरी अशी फिल्म असल्यास आणावी, डॉक्टर ती वाचून समजावतील. गजभिये यांनी ह्यांच्या नावावर काळ्या कागदाची पट्टी चिकटवली, व्याख्यानात नाव झाकतात तशी. अक्षर झाकले नाही. "ते उघडं ठेवू," ते म्हणाले. "फसवलं असं नाही म्हणता आलं पाहिजे."

फिल्म माझ्या शेजारच्या शामलाताईंकडे दिली आणि त्यांना पहिल्या रांगेत बसवले. मी मागे, गजभिये आणि बायजाबाई माझ्या उजव्या-डाव्या हाताला. पुढच्या तीन रांगांत डॉक्टर मंडळीच होती.

व्याख्यान चांगले झाले. तो माणूस बोलतो चांगला. मग शामलाताई उठल्या, फिल्म दिली. डॉक्टरांनी ती दिव्याच्या पेटीवर लावली, चष्मा वर केला आणि अक्षर सरळ आहे एवढे पाहिले. मी ती नजर पाहिली, अर्धा क्षणसुद्धा लागला नाही.

"ही पाहा, मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ," ते काडीने दाखवत म्हणाले. "उजवी बाजू. आपण काय करू? कॉम्प्युटरवर अंतर मोजू, रोग्याच्या डोक्यावर उजवीकडे खूण करू, आणि सर्जन तिथूनच आत जाईल. अंदाजाचं काम आता संपलं."

बायजाबाईंनी माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

गजभिये उठले. आवाज चढवला नाही. "साहेब, डाव्या कडेचं अक्षर वाचून दाखवा."

"कोण आहे?"

"मी गजभिये. डावं-उजवं न समजणारा."

डॉक्टर फिल्मकडे वळले, आणि आता त्यांनी ते वाचले. वाचले हे त्यांच्या मानेवरून मला मागून कळले. पहिल्या रांगेतले एक वयस्क डॉक्टर उठून पेटीजवळ गेले, वाकून म्हणाले, "एल आहे, रविंद्र. गाठ डावीकडे आहे." मग हळूच विचारले, "कोणाची फिल्म ही?"

मी उभी राहिले. नाव, तारीख सांगितली आणि वहीतली नोंद वाचली. सगळी वाचली, मफलरसकट. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, हे इथे—" पट्टी सोलून त्या वयस्क डॉक्टरांनी ह्यांचे नाव मोठ्याने वाचले.

सोनकुसरे यांच्या प्रॅक्टिसचे पुढे काय झाले ते मला माहीत आहे आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. एप्रिलमध्ये त्याच वयस्क डॉक्टरांनी गजभिये यांना आपल्या एक्स-रे खोलीत बोलावले. ते गेले, शिशाची अक्षरे आपलीच घेऊन, आणि अजून तिथेच आहेत.

त्या रविवारी मात्र बाहेर पायरीवर गजभिये एवढेच म्हणाले, "बाई, तुमचं एक काम राहिलं."

"कोणतं?"

"चिठ्ठी. दुसरी. त्याच अक्षरात."

"आणि इंग्रजीत," बायजाबाई म्हणाल्या. "पयली इंग्रजीत होती तं दुसरी मराठीत काहून? ह्यावेळी काच मी आधीच आणून ठेवते."

घरी येऊन लिहिली. आधीचे तीन शब्द एकेक करून मागे घेतले, खाली सही केली, आणि एक प्रत इस्पितळाला, एक त्यांना, असे दोन लिफाफे बंद केले. नंतर वही घेतली. सभागृहातले सगळे लिहिल्यावर शेवटची ओळ अशी आहे: गॅस संपला, भात स्टोव्हवर केला, खालून थोडा लागला.