बिनआवाजाची शाळा

पहाटेपासून वारा पडला होता. चैत्र सरत आला की हसनाबादच्या शिवारात रातचा उकाडा ढेकळांतून निघतच नाही, दिवस उगवायच्या आधीच जमीन तापल्यागत लागते. आभाळ राखेच्या रंगाचं, झाडाचं पान हलत नव्हतं. भागवतच्या मळ्यात उन्हाळी मिरची तोडायला बाया तांबडं फुटतानाच उतरल्या होत्या. कौसल्या सगळ्यांच्या पुढं, तिच्या बोटांना मिरचीची आग आता लागत नव्हती. सहा वर्षांची प्रीती बांधावरल्या लिंबाखाली गोणपाटावर झोपली होती.

कौसल्या मूळची वडीगोद्रीची. तिचा बाप हमरस्त्याच्या कडंला हॉटेलात कामाला. थांबलेल्या बसच्या खिडक्यांखाली उभा राहून भजी, चहाची हाक द्यायचा आणि त्याची हाक इंजिनाच्या वरून जायची. तो गळा लेकीनं उचलला. सातवी झाली, लग्न झालं, हसनाबादच्या बुद्धवाड्यात नांदायला आली. तरी गळा तसाच राहिला. जयंतीला ती माईक न घेता गाणं म्हणायची आणि मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या घरातून टाळ्या द्यायच्या. सासरा कडूबा कौतुकानं म्हणायचा, आमच्या सुनंला मोबाइल कशाला पाहिजे, तिनं तोंड उघडलं की भोकरदनात रिंग जाती.

दिवस कासराभर वर आला तशी पिवळी गाडी रस्त्यावर दिसली. बायांनी माना वर केल्या. रस्ता कच्चा, गाडी खड्ड्याखड्ड्यांतून आदळत चाललेली. आत पोरंच पोरं. पण गाडीच्या खुळखुळाटाशिवाय दुसरा आवाज नाही. पोरांनी भरलेली गाडी म्हणजे चिमण्यांनी भरलेली बाभळ असायला हवी. ही गाडी मुक्यानं आली आणि मुक्यानं गेली. ट्रॅक्टरमागं गावाच्या शिवेपर्यंत धावणारी मळ्यातली कुत्री हिला बघून नुसती उभी राहिली, मग एकेक करून सावलीत जाऊन बसली.

गाडी चालवत होता राजानंद, कौसल्याचा नवरा.

भोकरदनच्या रस्त्याला एक मंगल कार्यालय बंद पडलं होतं, तिथं वर्षभरापासून इंग्रजी शाळा भरत होती. संस्थाचालकानं राजानंदला गाडीवर ठेवलं आणि सांगितलं की ड्रायव्हरच्या पोरीला फी माफ. तेव्हापासून घरात तोच विषय. नाव द्यायची मुदत महिनाअखेर संपत होती. प्रीती कुठं बसणार, त्या शाळेत का गावच्या जिल्हा परिषदेच्या, एवढंच ठरायचं होतं, आणि कौसल्याचं मन कुठंच बसत नव्हतं.

मळ्याची मालकीण द्वारकाबाई, भागवतची आई, लिंबाखाली मिरची निवडत बसलेली असायची. तिची नात राजनंदिनी त्याच गाडीतून जायची. द्वारकाबाईनं त्या शाळेचं कौतुक करायचा दिवस चुकवला नाही. माशी उडाली तरी ऐकू येती म्हणे तिथं. आणि आपली गावची शाळा? तिचा गलका पार मसणवट्यापर्यंत जातो, मेलेले उठून बसतील. सगळं गाव शाळेची पारख अशीच करायचं. जिथं पोरं गप, तिथं शिस्त. जिथं शिस्त, तिथं शिक्षण. कौसल्यालाही ते पटायचं. आपल्या गळ्यापायी मास्तरांचा मार किती खाल्ला ते तिला आठवायचं.

तरी एका सकाळी ती म्हणाली, डोळ्यानं बघून येते. मिरचीचा खाडा केला, बरं लुगडं नेसलं आणि राजानंदच्या शेजारच्या सीटवर बसली.

पोरं एकेका वस्तीवर चढत गेली. चढताना आईला हात, पण टाटा नाही, बाय नाही. बसली की उजव्या हाताचं बोट ओठावर. कौसल्यानं मागं वळून एकाला विचारलं, तुहं नाव काय रे बाबा? पोरगं तिच्याकडं बघत राहिलं. ओठावरचं बोट हललं नाही. तिनं आणखी एकीला विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं, कारण सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडावर लागले होते, जसं काही तिच्या तोंडातून काही वाईट बाहेर पडतंय.

"रोज अशीच असतेत?" तिनं हळूच विचारलं. तिला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

"बिलकुल तरास न्हाई," राजानंद म्हणाला. थोडं पुढं गेल्यावर आरशात बघत बोलला, "कधीकधी वाटतं, गाडी रिकामीच चालवून राह्यलो. मंग थांबून मागं बघतो. असतेत सगळी."

शाळेच्या हॉलात स्टेज तसंच होतं. मागच्या भिंतीला कुठल्या तरी लग्नाची थर्माकोलची अक्षरं अर्धी चिकटलेली, नवरीचं नाव पडलेलं, नवरदेवाचं राहिलेलं. खाली रांगेनं बाक. पाणी चांगलं, संडास धुतलेले, पंखे चालू. कौसल्यानं सगळं बघून घेतलं. गावच्या शाळेत संडासाला कुलूप असतं हे तिला ठाऊक होतं. इथं नावं ठेवायला जागा नव्हती.

मग मधली सुट्टी झाली.

घंटा झाली, पोरं उठली, अंगणात आली, डबे उघडले. शंभरावर पोरं असतील. डब्यांची झाकणं वाजली आणि त्यानंतर काहीच वाजलं नाही. पंख्याची घरघर बाहेरपर्यंत येत होती. पोरं धावत होती, एकमेकांना शिवत होती, पडत होती. पण हसू नाही, भांडण नाही, कुणाचं नाव नाही. हात मात्र चालू होते. करंगळी वर केली की लघवी, हे तर कुठल्याही शाळेत असतं. इथं करंगळीच्या मागून सगळी भाषाच आली होती. पोटावर मूठ, कानाला चिमटा, हनुवटीखाली दोन बोटं. भराभर, एवढ्याशा हातांनी. एका पोरीनं तिच्याकडं बघून हवेत काहीतरी काढलं आणि बाकीच्या पोरींनी एकदम मान वळवून कौसल्याकडं बघितलं.

तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. भर उन्हात.

पाण्याच्या टाकीपाशी तिनं एका बाईंना गाठलं. कोवळी पोरगी, पदर खांद्यावर पिनेनं लावलेला. बाईंनी इंग्रजीतलं एक वाक्य म्हटलं आणि हसल्या. कौसल्यानं मराठीत विचारलं, पोरं बोलत का न्हाईत? बाईंनी आधी ऑफिसच्या खिडकीकडं बघितलं. मग टाकीचा नळ मोठा सोडला आणि पाण्याच्या आवाजाआड म्हणाल्या,

"ताई, इथं मराठी बोलायचं न्हाई, असा नियम हाय. आन् इंग्रजी त्यायला अजून येत न्हाई."

"मंग तुमी शिकवा की."

"मला तरी कुठं येती?" बाईंनी पुन्हा खिडकीकडं बघितलं. "पाठ केलेली वाक्यं हायेत. ती संपली की मीबी गप."

नळ बंद झाला. बाई पुन्हा हसल्या, तेच इंग्रजी वाक्य बोलल्या आणि गेल्या.

घरी आल्यावर कौसल्यानं हे सांगितलं तर राजानंद वैतागला. सुरुवातीला असंच असतं, म्हणाला. पाण्यात टाकल्याबिगर पोहता येतं का. फी माफ, गाडी घरची, बापाच्या नजरंसमोर पोरगी. गावच्या शाळंत काय हाय, अर्धे दिवस सर मीटिंगला. त्याचंही खोटं नव्हतं. नाही म्हटलं तर संस्थाचालक काय समजंल, हेही होतंच. कडूबा दाराशी बसून ऐकत होता. तो एवढंच बोलला की आम्हाला शाळंच्या पायरीवर बसवायचे, पण आम्ही पायरीवरून वरडून पाढे म्हणायचो. मग त्यानं तंबाखूची गोळी तोंडात टाकली.

कौसल्या अडकली. संडास, पाणी, पंखे एका पारड्यात, आणि दुसऱ्यात काय, तर एक भीती. भीतीला गावात नाव सांगता येत नव्हतं.

रोज दुपारी गाडी परत यायची, राजनंदिनी मळ्यात उतरायची आणि प्रीतीला घेऊन लिंबाखाली शाळा-शाळा खेळायची. आधी कौसल्याला बरं वाटायचं, बाया निवांत तोडणी करायच्या. त्या भेटीनंतर तिनं नीट बघितलं. राजनंदिनी उभी, प्रीती समोर मांडी घालून. तोंडं मिटलेली. हात चाललेले. प्रीती चुकली की राजनंदिनी तिच्या ओठावर हलकेच चापट मारायची. आणि प्रीती आता फारशी चुकत नव्हती.

"काय खेळून राह्यल्या गं?" कौसल्यानं सरीतून हाक दिली, तिच्या नेहमीच्या आवाजात.

दोघींनी एकदम ओठावर बोट ठेवून तिच्याकडं बघितलं. तिला गप केलं.

त्यानंतरच्या दुपारची गोष्ट. ऊन पांढरं पडलं होतं, मिरची शेवटच्या सरीला आलेली. प्रीती सरीतून चालत आली आणि आईपुढं उभी राहिली. तिनं उजव्या हाताचं बोट आकड्यासारखं वाकवलं आणि आपल्या पायावर टेकवलं. पुन्हा वाकवलं, पुन्हा टेकवलं. कौसल्या म्हणाली, थांब बाई, एवढी सरी होऊ दे, मंग खेळू. प्रीती हलली नाही. तोच हात, तेच बोट, जल्दी जल्दी. कौसल्या तोडत राहिली. मग तिनं वर बघितलं आणि लक्ष लेकीच्या डोळ्यांकडं गेलं. डोळे खेळणाऱ्या पोरीचे नव्हते.

तिनं ओंजळीतली मिरची टाकली आणि लिंबाकडं पळाली.

राजनंदिनी मिरचीच्या गोण्यांपाशी ताठ उभी होती. एक पाय उचललेला, सगळं अंग थरथरतंय, घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांतून धारा. ओठावर बोट. तोंड घट्ट मिटलेलं. पायाशी उलटलेल्या गोणपाटावर लाल विंचू नांगी उचलून बसला होता. चार हातांवर तिची आजी पाठमोरी मिरची निवडत होती. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

कौसल्यानं पोरीला उचललं आणि अशी आरोळी दिली की भागवत विहिरीवरून धावत आला. राजनंदिनीची आई दैवशाला घरातून पिठाच्या हातानं आली. मोटारसायकलवर मधे बसवून पोरीला भोकरदनच्या दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं म्हणून वाचली, डॉक्टर तसं बोलले. सुई टोचली तेव्हाही पोरीनं आवाज काढला नाही.

संध्याकाळी कौसल्यानं प्रीतीला न्हाणीपाशी उभं केलं. तिचे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले.

"वरड," ती म्हणाली. "जोरात. मला हाक मार."

प्रीतीनं तोंड उघडलं. गळ्याची शीर फुगली. तोंड उघडंच राहिलं आणि आतून नुसती हवा आली. कौसल्याच्या मुठीत पोरीची बोटं वळवळत होती, काहीतरी सांगत होती. कौसल्याला ते वाचता येत नव्हतं.

तिनं राजानंदकडं बघितलं. तो सगळं बघत दारात उभा होता.

"उद्या गावच्या शाळंत बसवते," कौसल्या म्हणाली. "संस्थाचालकाला काय सांगायचं ते तुमी सांगा."

राजानंदनं मान हलवली. मग मान हलवणं पुरेसं नाही असं वाटून तो मोठ्यानं म्हणाला, "बसव."

पण गावात काय झालं? द्वारकाबाई पारावर बसली आणि येणाऱ्या जाणाऱ्याला सांगू लागली. विंचू चावला बाई, लाल विंचू, मोठी माणसं गडाबडा लोळतेत. पण माझ्या नातीनं तोंडातून शब्द काढला न्हाई. याला म्हणतेत वळण. ऐकणाऱ्या बाया आपल्या पोरांकडं बघायच्या, मोजून मापून बघावं तसं. संस्थाचालकाच्या फोनला उसंत राहिली नाही. मुदत संपायच्या आत गाडी भरली आणि राजानंदला दुसरी फेरी सुरू करायला सांगितलं. राजनंदिनी पायाला पट्टी बांधून पहिल्याच फेरीत गेली. कौसल्यानं दैवशालाला एकदा आडून विचारलं, घरी तरी बोलती का? दैवशालानं इकडंतिकडं बघितलं आणि उत्तर द्यायच्या आधी तिचा स्वतःचाच हात वर आला, हनुवटीपर्यंत. मग तिनं तो खाली घेतला आणि पदराशी चाळा करीत निघून गेली.

गावच्या शाळेत सोमेश्वर सर वर्गात पोरांना पाढे देत होते. कौसल्यानं आधी अंगण पाहिलं. संडासाला कुलूप. तिनं सरांना तोंडावर सांगितलं, हे कुलूप काढा, न्हाईतर मी सरपंचाकडं जाते. आणि मीटिंगला गेले तर पोरं कुणाच्या हवाली ते मला आदल्या दिशी सांगायचं. सर हसले, पण चावी काढली. जूनमध्ये नाव घालू, म्हणाले, तवर बसू द्या. त्यांनी वाकून पोरीला नाव विचारलं. प्रीतीचं बोट ओठाकडं निघालं. सरांनी त्याकडं बघितलं, तिला दोन पोरांच्या मधे बसायला जागा केली आणि पाढा पुढं चालू केला.

कौसल्या बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आत गलका एवढा की पत्रे थरथरावेत. त्या गलक्यात तिनं कान घालून आपली पोरगी शोधली. सापडली नाही. पोरं बोलत होती, भांडत होती, कुणी रडत होतं, कुणी खोटंच रडत होतं. सावली भिंतीच्या बुडाशी सरकली तरी ती उभीच. आपण उशिरा आलो असं तिला वाटत राहिलं.

मग गलक्याच्या मधून एक आवाज निघाला, आधी घोगरा, चिरकलेला, न वापरलेल्या दारासारखा.

"ओ सर. ह्यानं माही येणी वढली."

सर कुणाला तरी रागावले. तोच आवाज पुन्हा आला, आता रागानं, वरच्या पट्टीत, वडीगोद्रीच्या हमरस्त्यावर ऐकू जाईल असा. तक्रार लांबत गेली, त्यात आणखी दोन नावं आली, एकाची आजी निघाली.

कौसल्यानं भिंतीला हात टेकला. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर वळताना दिसला, हंडे घेऊन बायांची पळापळ सुरू झाली होती. तिनं पदर खोचला, घरून दोन हंडे आणि पाइपाचा तुकडा उचलला, आणि आपला नंबर धरायला निघाली.