पट्टीवरचं नाव

बहारीनमधल्या हमद टाउनच्या इंटरनेट कॅफेत एक शिंपी माझ्या शेजारी बसायचा. एका बोटाने टाइप करायचा आणि प्रत्येक उत्तराखाली स्वतःचं नाव, गाव, दुकानाचा पत्ता घालायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आखातातल्या कोकणी माणसांच्या एका वेबसाइटवर एक रत्नागिरीवाला आणि एक रायगडवाला एकमेकांना रोज शिव्या घालत होते. 'तुम्ही आमच्या नोकऱ्या खाता' इथवर मजल गेली होती. शिंप्याची उत्तरं त्या दोघांची समजूत घालणारी असायची. दोघंही खोटे होते. दोघंही मीच होतो. ऑफिस सुटल्यावर मला करमायचं नाही, आणि भांडण लावलं की लोक धावून येतात, हे मला कळलं होतं.

एकदा पँट आखूड करायला त्याच्या दुकानात गेलो. शुक्रवारची सुट्टी असून चहाचं बाकडं रिकामं होतं.

"रायगडवाले यायचे बंद झाले," तो म्हणाला. "वीस वर्षांची बैठक, खलास!"

"मग तुम्ही नावानिशी कशाला लिहिता? लोक तुम्हालाच शिव्या देतात."

त्याने एका शर्टाची कॉलर उलटली. आत त्याच्या नावाची पट्टी होती.

"शिलाई उसवली तर शिव्या कुणाला द्यायच्या, हे गिऱ्हाइकाला कळायला नको? त्या दोघांना म्हणावं, या दुकानात. मी इथेच बसलोय."

घरी येऊन पाहिलं, तर नुसत्या आखूड केलेल्या पँटलाही त्याने आतून पट्टी लावली होती.

त्या दोघांना मी बंद केलं. कबुली मात्र दिली नाही. शिंप्याचं नाव मला अजून पाठ आहे. पण ते इथे लिहायचं, तर खाली माझंही लिहावं लागेल.