इन्शिराहने वाटलेल्या गोळ्या

इन्शिराह,

तू गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी मी तुझ्या घरी आले होते. शेखसाहेबांनी तुला सोशिक म्हटलं, शांत म्हटलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात म्हटलं. मी शेजारणीच्या कानात विचारलं, "आपण चुकीच्या घरात तर नाही ना आलो?" तुझ्या सुनेने डोळे वटारले. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं हे मला मान्य आहे. पण ते निदान त्याच माणसाबद्दल असावं. म्हणून घरी येऊन लिहायला बसले.

तू करमूझ मोहल्ल्यातली, नवऱ्याला पुरून उरलेली, द्राक्षाच्या पानांच्या सुरळ्या करणारी बाई. निम्म्या अलेक्झांड्रियाच्या लग्नांत तुझ्या हातच्या सुरळ्या गेल्या. करंगळीहून बारीक, आणि भात एकीतूनही बाहेर डोकावायचा नाही. दुसरीच्या हातची जाड सुरळी दिसली की तू विचारायचीस, "बाई, हा भात पानात गुंडाळलाय की रजईत?"

मग तुझी बोटं सुजली. सकाळी मूठ उघडेना. म्हातारपणाचा साधा संधिवात नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उठतं तो. तू मधमाश्या चावून घेतल्यास, उंटाची चरबी चोळलीस, रशीद गावच्या कुठल्याशा बुवाकडून तांब्याचं कडं आणलंस. बोटं ढिम्म. तुझ्याच सुरळ्या रजईत गेल्या आणि गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत. बोटं उघडली तर तू होतीस, नाही तर सुनेच्या स्वयंपाकघरातली एक खुर्ची.

त्याच सुमारास इस्पितळात नव्या गोळीची चाचणी निघाली. तिथल्या नैतिकता समितीवर मी होते. बाकी सगळे डॉक्टर आणि वकील. मी 'सामान्य नागरिक' या खुर्चीवर, म्हणजे भूगोलाची निवृत्त शिक्षिका. संमतीपत्र साध्या माणसाला कळतंय का, एवढंच बघायचं. ते समितीच्या खोलीत बसून बिस्किटं खाऊन कळत नाही, म्हणून मी मंगळवारी बायकांच्या बाकावर येऊन बसायला लागले. मला शाळा सोडूनही सगळे अब्लाच, म्हणजे शाळेतल्या बाईच, म्हणतात. तूही पहिल्या मिनिटाला म्हणालीस, "सरका अब्ला, भूगोल जरा तिकडे घ्या."

डॉक्टर नेविन तुला समजावत होती. पोरगी हुशार, पण पाठ केल्यासारखं बोलायची.

"खाला, निम्म्या बायकांना खरं औषध मिळणार आणि निम्म्यांना तशीच दिसणारी गोळी. तिच्यात औषध नसेल."

"मग काय असेल? खडू?"

"खडूच समजा."

"कुणाला खडू हे कोण ठरवणार?"

"संगणक. आम्हालाही माहीत नसतं. आमच्यासाठी सगळ्या बायका सारख्या."

"संगणकाला आई आहे का?"

"नाही, खाला."

"दिसतंच आहे," असं म्हणून तू सही केलीस. नेविनने माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मीही शेरा मारला, बाईंना सगळं समजलं आहे. आणि ते खोटं नव्हतं. तुला सगळं समजलं होतं, म्हणूनच पुढचं घडलं.

मंगळवारी तपासणी व्हायला दुपार व्हायची. बायका डबे आणायच्या. आपल्यात शेजारी कुणी बसलेलं असताना एकटीने घास तोंडात घालणं म्हणजे बेशरमपणाची कमाल, त्यामुळे बाकावर सगळ्यांचे डबे उघडायचे आणि सगळ्याजणी सगळं खायच्या. त्याच बाकावर, मी नसताना, तू हलव्याचा रिकामा डबा मधोमध ठेवलास. प्रत्येकीने नवी मिळालेली बाटली त्यात ओतायची. तू त्या बोटांनी ढवळायचीस आणि सारख्या वाटून पुन्हा भरायचीस. कुणाच्या नशिबी निव्वळ खडू यायला नको. बाटलीतला आकडा बरोबर, म्हणून महिनोन्महिने कुणाला पत्ता नाही.

नेविन मात्र हैराण. सगळ्याच बायका थोड्या थोड्या बऱ्या होत होत्या, धड बरी एकही नाही.

रक्त परदेशात तपासलं जायचं. तिथून निरोप आला की ज्यांना खडू दिला त्यांच्याही रक्तात औषध आहे. कैरोहून कंपनीचा तपासनीस धावत आला. इस्त्री केलेला माणूस. बायकांना एका खोलीत बसवलं, समितीतर्फे मला.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

बायका आपापल्या चपला बघायला लागल्या. तू उठलीस.

"यात डोकं कशाला हवं? समोरची उपाशी असताना आपण जेवायचं नाही, हे आमच्या गल्लीतल्या मांजरालासुद्धा कळतं."

"बाई, हे जेवण नाही!"

"तेच म्हणते मी. जेवण असतं तर एक वेळ चाललं असतं."

नेविन रडकुंडीला आली. "खाला, आता गोळी चालते की नाही हे कळणारच नाही!"

"का नाही कळणार? ही बघ." तू तिच्या नाकासमोर मूठ उघडलीस. ती अर्धी उघडली. "अर्धं औषध, अर्धी मूठ. पोरी, तुझं शास्त्र अगदी बरोबर आहे."

मी हसले. पण बाहेर व्हरांड्यात तुला झापलंही, आणि ते शब्द मी आजही मागे घेणार नाही. तू चुकलीस, इन्शिराह. सगळ्यांना थोडं थोडं दिलं की कुणालाच काही कळत नाही. तुझ्या मधमाशीवाल्यालाही तेच हवं असतं.

"म्हणजे पुढच्या बायकांसाठी या बायकांनी कोरडं बसायचं?"

"हो. काही महिने. आणि सही करून बसल्यात, कुणी बांधून नाही ठेवल्या."

"सही मी निकाहालाही केली होती, अब्ला. काय कळलं होतं मला?"

तपासनिसाने शेवटी तोड काढली. चाचणी नव्याने सुरू करायची. गोळ्या वाटणार नाही अशी सही द्या, राहा. नाही तर जा. बाकीच्यांनी सह्या केल्या, आणि या वेळी पाळल्याही. मी त्यांना नावं ठेवत नाही. बोटं ज्याची त्याला दुखतात. तुझी मूठ अर्धी उघडत होती आणि पेन तिच्यात बसतही होतं. तू ते खाली ठेवलंस.

"मी वाटणार. मला माहीत आहे ना मी कशी आहे. मग खोटं कशाला लिहू?"

दोन महिन्यांत तुझी मूठ पुन्हा मिटली. नेविनने स्वतःच्या ओळखीने जुनं स्वस्त औषध मिळवून दिलं. त्याने दुखणं कमी झालं, सुरळ्या परत आल्या नाहीत. सुनेला तू खुर्चीवरून शिकवायचीस आणि तिच्या प्रत्येक सुरळीला रजई म्हणायचीस. तिने डोळे का वटारले ते मला कळतं.

नव्याने केलेल्या चाचणीत गोळी चालते असं ठरलं. अर्थात खडू खाणाऱ्या बायकांमुळेच. हे मी तुला ऐकवलं, त्या दिवशी सुनेच्या एकाही सुरळीला तू रजई म्हणाली नाहीस.

मग इस्पितळाने कळवलं की कुणाला काय मिळालं होतं ते आता सांगता येईल. पहिल्या खेपेतल्या बायकांनाही. ज्या बाईची बाटली तिनेच खिडकीशी येऊन विचारायचं. मी म्हटलं, चल, ट्राममधून दहा मिनिटं. तू म्हणालीस, रोजे होऊ देत. मग नातीचा साखरपुडा. मग माझ्या डोळ्याचं ऑपरेशन, त्यावर तर तू खूशच झालीस. शेवटी मी चिडले.

"भितेस कशाला?"

"खडू निघाला तर मी महिनोन्महिने त्या गरीब बायकांचं औषध खाल्लं. औषध निघालं तर मी माझे हात हलव्याच्या डब्यात घालून वाटले. दोन्हीतलं कुठलं ऐकायला मला ट्रामने नेता, अब्ला?"

"पण खरं काय ते कळायला नको?"

"हवं ना," तू म्हणालीस. "जाऊ की रविवारी."

कुठल्या रविवारी, ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही.