इसबगोलात बुडवलेली गोळी

आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला मावशीकडे जायला निघाली आणि वाटेतल्या पडाव चौकातूनच परत आली. सवारीच्या टेम्पोत बसल्यावर कुठे जायचं ते आठवेना, म्हणाली. त्याआधीच तिचा आवाज बसला होता, चालणं मंदावलं होतं, आणि ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात ती शाल पांघरून बसत होती.

थायरॉइडचा रिपोर्ट पुन्हा बिघडलेला आला.

"अम्माजी, दवा छूटती तो नहीं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज सुबह, खाली पेट."

ते खरं होतं. मग घरात वयाचा विषय निघू लागला, आणि तो आईच्या कानावर जाऊ लागला.

"मला वेड लागतंय का रे?" भेंडी चिरताना तिने विचारलं.

पुढे एका सकाळी मी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. आईच्या हातात भिजवलेल्या इसबगोलाची वाटी होती. भुसी फुगून बुळबुळीत झाली होती. तिने चमचाभर घेतलं, त्यात गोळी बुडवली आणि गिळली.

"नुसती गोळी गळ्यात अटकते. अशी सरकन उतरते. पोटालाही थंडक."

डॉक्टरांना सांगितलं. इसबगोलाचा चिकट थर औषध अंगी लागू देत नाही, असं होऊ शकतं, म्हणाले. गोळी साध्या पाण्याने घ्यायची, इसबगोल दुपारी. एवढ्याने सगळं बिघडलं असेल का, हे त्यांनी ठामपणे सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, हे असं कधीपासून चालू आहे?

आई आठवत राहिली. पूर्वी ती इसबगोल रात्री दुधातून घ्यायची. सकाळी कधीपासून घेऊ लागली, दिवाळीआधी की नंतर, तिला सांगता येईना. विसरणं आधी सुरू झालं की वाटी आधी आली, हे सांगू शकेल अशी तीच एक होती.

आता ती तोंड वाकडं करून पाण्याने गोळी घेते. पुढचा रिपोर्ट अजून व्हायचा आहे. काल दुपारी तिने शाल बाजूला टाकली.

"कूलर लाव की. तुला गरमी नाही होत?"

पारा परवापेक्षा चढला होता का, ते मी मोबाइलवर पाहिलं. चढला होता. मी कूलर लावला.