आईच्या गळ्यातली आई

आनंदीबाई रेडीज यांना गिरगावात 'ताडपत्रीवाल्या बाई' म्हणून ओळखतात. माझे वडील रमाकांत रेडीज यांचा दोरखंड आणि ताडपत्रीचा मोठा व्यापार. शिवडीला दोन गोदामं, फणसवाडीच्या तोंडाशी दुकान आणि वरचा अख्खा मजला आमच्या राहण्यासाठी. आनंदीबाई १९७७ साली लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि मी सहा. माझी आई, मालन, आदल्या वर्षी काविळीने गेली होती. मी आनंदीबाईंना आई म्हणते. गेलेलीला मालनआई.

लग्नाच्या दिवशीच माझ्या आजीने आईच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी एक टाक घातला. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीची प्रतिमा गळ्यात वागवायची, ही आमच्याकडची रीत. बोटाच्या पेराएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. दोन हात होते, पदर होता, नाक नव्हतं. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. सणाचं पान वाढलं की पहिला घास टाकासमोर धरायचा. नाही केलं तर गेलेली रुसते आणि रुसली की काहीतरी घेऊन जाते, असं आजी सांगायची. काय घेऊन जाते, ते सांगायची नाही.

मला तिने वेगळंच सांगितलं होतं. "तुझी आई खंय गेली नाय गो. ती बघ, नव्या आईच्या गळ्यात आहे."

आई संगमेश्वरकडच्या शाळामास्तरांची मुलगी, पाच बहिणींतली थोरली. आमच्याकडे दोन्ही वेळा वीस-पंचवीस पानं उठायची. गोदामातली माणसं, गावाहून नोकरी शोधायला आलेले भाचे-पुतणे, सगळे तिच्याच हातचं जेवायचे. चारही बहिणींची लग्नं तिने याच घरातून लावून दिली. आजी शेवटची सहा वर्षं अंथरुणाला खिळली, तिचं सगळं आईने केलं. माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर सही करायला बाबा टाळाटाळ करू लागले, तेव्हा ती म्हणाली, "द्या इकडे. मी करते. मी कुणी परकी आहे का तिची?" बाबा गेल्यावर त्यांचे चुलतभाऊ गोदामांचं बोलायला आले. तिने चहा दिला. "भावजी, साखर बरोबर आहे ना? मग प्या आणि निघा."

अशी ही बाई. पण आरशासमोरून जाताना टाक पदराखाली झाकायची.

मी सात वर्षांची होते. आईला चौथा महिना लागला होता. शाळेत मला नाचात घेतलं होतं आणि ते मला मालनआईला सांगायचं होतं. आई न्हायला जाताना टाक काढून न्हाणीघराबाहेरच्या खुंटीला अडकवायची. तो मी उचलला. सांगायचं आणि परत ठेवायचं, एवढंच मनात होतं. पण तेवढ्यात आई बाहेर आली. रिकामी खुंटी पाहून तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून मी टाक पेन्सिलींच्या पत्र्याच्या डब्यात टाकला आणि झाकण दाबून बसले.

सगळं घर शोधलं. मोरीची जाळीसुद्धा काढली. शेवटी आजी म्हणाली, "ती उठून गेली." आठव्या दिवशी आईचं बाळ गेलं. पुन्हा तिला दिवस राहिले नाहीत. ती अंथरुणातून उठायच्या आधीच आजीने सोनाराकडून दुसरा टाक करून आणला. या टाकातल्या बाईला नाक होतं.

मी बोलले नाही. आधी मार बसेल म्हणून, मग बाळ गेलं म्हणून आणि नंतर आईने मला पोटच्या पोरीसारखं धरलं म्हणून. मी केमिस्ट्री शिकले. टाकामुळे बाळ जात नाही हे मला कळतं. तरी माझ्या ऋताच्या वेळी नऊ महिने तो डबा मी उशाशी ठेवला होता.

आता ऋताचं लग्न ठरलंय, दादरच्या नीलशी. त्याची पहिली बायको प्रिती तीन वर्षांपूर्वी अपघातात गेली. पाच वर्षांची श्रेया आहे. गेल्या रविवारी ऋता आणि मी आईकडे गेलो होतो.

"सोनाराला निरोप दिलाय," आई ऋताला म्हणाली. "प्रितीचा फोटो तेवढा मागून घे."

"आजी, ऑफिसात विचारलं तर काय सांगू? ही माझ्या नवऱ्याची एक्स?"

"हस. मलाही हसू यायचं. एकदाच हरवला टाक, आठ दिवसांत पोट रिकामं झालं."

ऋताचं हसू थांबलं. जिना उतरताना तिने हळूच विचारलं, "आई, हे खरंच झालं होतं?"

"बाळ गेलं होतं."

"मग घालते ना. काय जातंय? कुर्त्याच्या आत दिसणार पण नाही."

बोलता बोलता तिचा हात गळ्याकडे गेला. तो हात मी जन्मभर पाहत आले आहे, आईचा. मी गप्प राहिले तर माझी मुलगी अशीच भीत जगणार होती. बोलले तर जिने मला वाढवलं तिला कळणार होतं, मी काय केलं ते. चार दिवस मी डबा बाहेर काढत होते आणि परत ठेवत होते.

आज दुपारी गेले. आई कडवे वाल सोलत बसली होती. मी डबा उघडून तिच्यासमोर कागदावर ठेवला. तिने हात पुसले, पण टाकाला लावले नाहीत.

"कुठे मिळाला?"

"मिळाला नाही. माझ्याकडेच होता. खुंटीवरून मी घेतला होता. मला तिच्याशी बोलायचं होतं."

तिने डबा उजेडाकडे वळवला आणि त्या बिननाकाच्या बाईकडे पाहिलं. आता ती मला चालती हो म्हणणार, असं मला वाटलं.

"म्हणजे ती रुसली नव्हती."

"नाही."

"सत्तेचाळीस वर्षं मी रोज तिची माफी मागतेय." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मग माझं बाळ कशाने गेलं, नलू?"

तेव्हा डॉक्टरांना ते कुणी विचारलंच नव्हतं.

"बोललीस का तिच्याशी?" तिने विचारलं.

"हो. नंतर, डबा उघडून. नाचात घेतलंय म्हणून सांगितलं."

"मला सांगायचंस."

गळ्यातला टाक ती काढू लागली. फासा निघेना, तो मी सोडवला. त्याखालची कातडी पांढरी पडली होती. तिने तो पहिल्याशेजारी डब्यात ठेवला.

"ऋताला म्हणावं, गळ्यात काही नको. प्रितीचा फोटो त्या पोरीला द्या. आई तिची आहे. सोनाराला मी सांगते."

मी उठले, तसा तिचा हात गळ्याकडे गेला आणि तिथे काही नव्हतं. ती एकदम लहान दिसली.

"आज इथेच राहा," ती म्हणाली.

मी राहिले आहे. ती आतल्या खोलीत आहे, दिवा तिने मालवू दिलेला नाही. मधूनमधून हाक येते, "नलू?"

"आहे," मी म्हणते.

डबा माझ्यासमोर आहे. झाकण लावायचा मला अजून धीर झालेला नाही.