बाईनं ती झोप ओळखली

शाळा सुटायच्या वेळेला किसन वर्गाच्या दारात उभा दिसला. वलगावहून अकोल्याला तो सहसा सणावारालाच येतो, आणि येताना त्याच्या हातात वांग्यांची, मेथीची टोपली असतेच. त्या दिवशी हात मोकळे होते. मी खडू खाली ठेवला. "मामा, माय गेली," एवढंच तो म्हणाला आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून लहान मुलासारखा रडला. मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला हा भाचा... त्याच्या पाठीवरून हात फिरवताना माझ्या मनात आलं, की आज हा असा धडधाकट माझ्यासमोर उभा आहे, हीच माझ्या बहिणीची सगळ्यात मोठी कमाई.

गिरजाबाई माझी थोरली बहीण. मी तिला नुसतं 'बाई' म्हणायचो. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालणारी, भीत भीत का होईना, पण वडिलांशी भांडून मला शाळेत धाडणारी तीच. लग्न होऊन ती वलगावला गेली. आम्ही माळी, आणि तिचं सासरही माळ्याचंच. पेढी नदीच्या काठाला त्यांचा मळा होता. वांगी, मिरची, कोथिंबीर, कडेला झेंडू. पहाटे खुडलेली भाजी डोक्यावर घेऊन बाई अमरावतीच्या बाजाराला चालत जायची. मग तिकडे अमेरिकेत कुठंतरी लढाई पेटली आणि इकडे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगून खरं वाटणार नाही. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, आणि अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग इतकी लांब लागायची, की शेवटच्या गाडीवाल्याला बाजार दिसायचाही नाही. महादूभाऊजींनी वांगी उपटून मळ्यात कापूस लावला आणि सोळा वर्षांच्या किसनला बाजारात कामाला पाठवलं. पोत्यात उतरून कापूस पायांनी तुडवून बसवायचा, असं ते काम. पोरगा आखाड्यात कमावलेला, अंगानं भरलेला. भाऊजी गावभर सांगत फिरायचे, "आमचा किसना दोन गड्यांचं काम एकटा करते!"

त्या हंगामात भाऊबीजेला मी वलगावला गेलो होतो. ओवाळून झाल्यावर बाईनं मला मागच्या दारी नेलं. म्हणाली, पोरगा बदलला आहे. भाकरीला हात लावत नाही, गूळ मात्र मागून खातो. सारखं नाक नि दंड खाजवतो. आखाड्यात जाणं सोडलं, जुने सोबती हाक मारायला आले तर घरात असून नाही म्हणून सांगायला लावतो. कधी आरशासारखा शांत, कधी एका शब्दावरून ताट भिरकावतो. भाऊजी म्हणत होते, कामाचा शीण आहे. मीही तेच म्हणालो, वय आहे, होतं असं. दुपारी बाईनं मला पुन्हा हाक मारली. किसन पडवीत झोपला होता. तिनं त्याला हलवलं तेव्हा त्यानं अर्धवट डोळे उघडले. अंधाऱ्या पडवीत असूनही त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. तो परत झोपला.

"अशी झोप मी पायली हाय, नारायणा," ती हळूच म्हणाली. "वावरात निंदाले जावाचं असलं का आमी बाया लेकराले तिळाएवढी अफू चाटवतो. लेकरू अशीच झोप घेते. मी बी किसनाले देली होती लहानपनी... हे शिणाची झोप नाई. हे गोळीची झोप हाय."

मला वाटलं, ती आता रडेल, नाहीतर त्याला उठवून थोबाडीत मारेल. तिनं दोन्ही केलं नाही. तो आपसूक जागा होईपर्यंत ती त्याच्या उशाशी बसून राहिली. मग ताक आणून दिलं आणि म्हणाली, "मी तुले मारनार नाई. तुया बापालेबी मारू देनार नाई. कोनं देली आन कवापासून घेऊन रायला, तेवढं सांग." किसन तुटक तुटक बोलला. बाजारात दिवसभर पोत्यात उभं राहून छातीत कापसाची कुसं भरायची, रात्री कंबर धरायची. बरोबरच्या मोठ्या गड्यांनी एकदा अफूची गोळी दिली, फुकट दिली. दुखणं गेलं. मग रोजची झाली.

"सोडून दे ना मंग," मी म्हणालो.

"कसा सोडू, मामा?" तो खाली बघत म्हणाला. "बाबा सांगत फिरते का पोट्टा दोघांचं काम करते. गोळी सोडली त मी एकाचंच करीन."

हे ऐकत भाऊजी दारात येऊन उभे होते. त्यांनी खुंटीवरचा चाबूक काढला. बाई उठली आणि दारात आडवी झाली. "गावात तोंड कसं दाखवू मी?" ते ओरडले. ती म्हणाली, "गावाले काय सांगाचं थे मी पाईन. तुमी फकत त्याले एवढं सांगा, का तो एकाचंच काम करन तरी तुमाले चालन." भाऊजींना ते म्हणवलं नाही. चाबूक टाकून ते मळ्याकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी बाईनं गाडी जुंपायला लावली आणि किसनला घेऊन माझ्याबरोबर अकोल्याला आली. ऐन वेचणीच्या दिवसांत घरची बाई पोराला घेऊन माहेरी निघाली, म्हणून वलगावात पुष्कळ चर्चा झाली म्हणे.

आमच्या गल्लीत एक म्हातारे वैद्य होते. त्यांनी बजावलं, एकदम तोडू नका, शरीर बंड करतं. मी सांगेन तसं कमी करत जाऊ. तरीही त्या दिवसांत पोराचे हाल बघवत नव्हते. जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायांत गोळे. बाईला त्यानं नको नको ते शब्द ऐकवले. ती पाय चेपत राहायची आणि म्हणायची, "हे तू नाई बोलत."

एकदा तो घरातून निसटला. आम्ही शोधत शोधत बाजारात गेलो, तर अफूच्या दुकानासमोर रस्त्याच्या कडेला बसलेला. आत गेला नव्हता, पण उठतही नव्हता. मी त्याचा दंड धरायला पुढे झालो. बाईनं मला अडवलं, डोक्यावर पदर ओढला आणि त्याच्या शेजारी मातीत बसली. कापसाच्या गाड्या जात होत्या, धूळ उडत होती, येणारेजाणारे वळून बघत होते. "तू उठशीन तवा जाऊ," ती म्हणाली आणि तशीच बसून राहिली. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं... आणि मग किसन उठला. पुढे कितीतरी वर्षांनी मी त्याला विचारलं, तेव्हा तू कशानं उठलास? तो म्हणाला, "मायचे पाय उन्हात होते, मामा."

वेचणी अर्ध्यावर टाकून भाऊजी अकोल्याला आले, तो दिवस मी विसरणार नाही. घोड्यावर बसल्यासारखा ताठ चालणारा माणूस, ओसरीच्या कोपऱ्यात आखडून बसला. किसन समोर. आतून बाई बघत होती, पण बाहेर आली नाही. शेवटी भाऊजी म्हणाले, "किसना, घरी चाल... एकाचंच काम कर. नाई जमलं त अर्ध्याचं कर. मले चालते." पोरगा ओंजळीत तोंड लपवून रडला. भाऊजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, तो कितीतरी वेळ काढला नाही.

एवढ्यावर सगळं निभावलं असं नाही. पुढच्या होळीला जुने सोबती भेटले आणि त्यानं पुन्हा गोळी घेतली. पण या वेळी कुणाला ओळखावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच चुलीपाशी येऊन बसला आणि मायला सांगून मोकळा झाला. "बरं केलं सांगतलं. आता पुन्हा सोडाले लागू," ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. बाजारात त्याला परत पाठवलं नाही. भाऊजींनी मळ्याचा अर्धा तुकडा कापसातून काढून त्याला वांग्यांसाठी दिला. लढाई संपली, कापूस जसा चढला होता तसाच उतरला, शिंगांच्या शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. त्या वर्षी घर चाललं ते किसनच्या वांग्यांवर.

गोष्ट लपून राहत नाही. हळूहळू बायका बाईकडे यायला लागल्या. वलगावच्या, पुढे तिवशाच्या, परतवाड्याच्यासुद्धा. कुणाचा मुलगा गांजाच्या चिलमीला लागलेला, कुणाचा अफूला. बाईजवळ औषध नव्हतं, ते ती आधीच सांगायची. वैद्याकडे धाडायची. पण त्याआधी बसवून घ्यायची आणि विचारायची, पोरगं अलीकडे कुणाबरोबर असतं, कुणाला टाळतं, घरातलं कोणतं काम त्याला जड जातं, आणि त्यानं खरं सांगितलं तर तुम्ही काय कराल? "त्याले आधी तुमचं भेव वाटते, मंग थे लपवते," ती म्हणायची. सगळी पोरं वाचली नाहीत. तिवशाची एक आई फार उशिरा आली होती; त्या मुलाचं नाव बाई अखेरपर्यंत घ्यायची. आणि तान्ह्या लेकरांना अफू चाटवणं तिनं आपल्या आळीत बंद पाडलं. निंदणीला जाणाऱ्या बायकांची लेकरं ती आणि दोन म्हाताऱ्या मिळून सांभाळायच्या. अंगणभर रडारड चालायची. "रडू द्या. रडते म्हंजे जागं हाय," म्हणायची.

तेरावं झाल्यावर मी काही दिवस वलगावलाच राहिलो. तिथं मला एक गोष्ट पुन्हा दिसली, जी इतकी वर्षं दिसत असून मी कधी मनावर घेतली नव्हती. बाईच्या घरी संध्याकाळचं जेवण दिवे लागायच्या आत होतं. अंगणात, मावळतीच्या उजेडात, सगळे एका पंगतीला, एकमेकांचे डोळे दिसतील असे. कारण तिनं मला कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. आता ती नाही, तरी सुनेनं पानं तिथंच मांडली. किसनचा धाकटा दौलत सोळा-सतराचा आहे, शहरात सरकी काढायच्या कारखान्यात नुकताच लागलेला. भाकरी मोडता मोडता तो सहज बोलावं तसं म्हणाला, "बाबा, आज तिथं एक जन मले चिलीम देऊन रायला होता."

सुनेचा हात थांबला. मी किसनकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं, ते मला वाचता आलं. पोराला नसेल आलं. त्यानं दौलतच्या ताटात वांग्याची भाजी वाढली.

"मंग? तू काय म्हनलं त्याले?"

आणि दौलत सांगायला लागला. बराच वेळ सांगत होता... उजेड पार जाईपर्यंत.